मुंजाला कुठल्या खान्यात टाकायचं?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं होऊन खेळायच्या खेळासाठी पुण्याच्या वेताळ टेकडीवर घडणारं साहस लिहिताय आणि मुंजा, हडळ, बिबट्या, टपरीवाला या सगळ्यांची वर्गवारी अडलीय, असं तुम्ही विचारलंय.

या खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत जीवांचे १४ प्रकार आहेत. ते नुसते शोभेला नाहीत, कुठला मंत्र कोणावर चालणार हे त्यावर ठरतं. जागीच खिळवणारा ‘होल्ड पर्सन’ फक्त ह्यूमनॉइडवर, म्हणजे माणसांसारख्यांवर चालतो; क्लेरिकचं, म्हणजे देवाच्या शक्तीवर चालणाऱ्या पुजारी पात्राचं ‘टर्न अनडेड’ फक्त अनडेडवर, म्हणजे मेल्यावरही वावरणाऱ्यांवर. म्हणजे मुंजा अनडेड केलात, तर क्लेरिक त्याला पिंपळावरून सरळ पळवून लावू शकतो. मुंज झाली, पण सोडमुंजीआधीच गेलेला पोरगा तो. खेळाडूंनी त्याच्याशी बोलावं असं वाटत असेल, तर त्याला फे, म्हणजे परीलोकातला जीव करा. नियमात बसत नाही म्हणून कोणी कुरकुरेल, कुरकुरू द्या.

हडळ अनडेड, बिबट्या बीस्ट म्हणजे साधा प्राणी, यात डोकं घालवू नका. वेताळ मात्र जपून. तो भुतांचा राजा खरा, पण कोकणात ग्रामदैवत म्हणून पुजला जातो. मी त्याला सेलेस्टियल, म्हणजे स्वर्गीय जीव केलं, तर आमच्या खेळाच्या टेबलावर अर्धा तास वाद. पुण्यातलंच टेबल ते!

माणसं सगळी ह्यूमनॉइडच, त्यांना एकमेकांपासून वेगळं करायला प्रकाराचा उपयोग शून्य. त्यांच्या नावापुढे एवढंच लिहा: याला काय हवंय आणि हा काय लपवतोय. टपरीवाल्याचे हिट पॉइंट्स, म्हणजे तो किती मार सोसेल तो आकडा, कोणी त्याच्यावर तलवार उपसली तरच काढा.