ट्रायलमध्ये नाव आलं नाही, म्हणजे मुलात गुण नाहीत का?

फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचे आईवडील माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा हाच प्रश्न घेऊन येतात. मोठ्या अकादमीची ट्रायल झालेली असते, यादी लागलेली असते आणि त्यात मुलाचं नाव नसतं. मूल घरात गप्प असतं. आता जोर लावायचा की हा नाद सोडायचा, हे आईवडिलांना कळत नाही. अशाच एका कुटुंबाची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलाला तेरा पूर्ण व्हायला दोनेक महिने बाकी होते. वडिलांनी आल्या आल्या विषयाला हात घातला. "मॅडम, कोच म्हणाले खेळ बरा आहे, पण अंगात जोर नाही, पुढच्या वर्षी बघू. उंची वाढवायचं इंजेक्शन असतं ना? ते सुरू करावं का?" मुलगा शेजारी बसून बुटाच्या नाडीशी खेळत होता. आईची काळजी वेगळीच होती. ट्रायल झाल्यापासून सरावाच्या दिवशी सकाळी त्याच्या पोटात दुखायचं, डबा अर्धा परत यायचा.

मी आधी मुलाशी एकट्याने बोलले. बराच वेळ तो नुसता हो-नाही करत होता. मग एकदम म्हणाला, "मी बॉल घेतला की ते खांद्याने ढकलतात आणि मी पडतो. माझी उंची वाढणारच नाही." पोटदुखी कुठून येतेय, ते मला त्या वाक्यात दिसलं. कोच 'आज ताकद कमी आहे' म्हणाले होते. मुलाने ऐकलं होतं, 'तू कायमचा कमी आहेस.'

वडिलांच्या फोनमध्ये ट्रायलच्या सामन्याचं चित्रण होतं. ते मला पुन्हा पुन्हा एकच जागा दाखवत होते. उजव्या बाजूला मुलाकडे चेंडू येतो, त्याच्यापेक्षा डोकंभर उंच बचावपटू त्याला बाजूला सारतो. मी त्यांना म्हटलं, आता आपण चेंडूकडे बघायचंच नाही, फक्त तुमच्या मुलाच्या मानेकडे बघायचं. चित्रण पुन्हा लावलं. पास यायच्या आधी मुलगा डाव्या खांद्यावरून मागे बघतो, पुन्हा उजवीकडे बघतो. चेंडू पायाशी येतो तेव्हा कुठे द्यायचा हे त्याचं ठरलेलं असतं, एका स्पर्शात पास जातो. असं एकदा नाही, सबंध सामनाभर. धक्का बसला तो दोन-तीन प्रसंगांत, आणि तेही विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, जिथे त्याला धावण्याच्या शर्यतीत उतरवलं होतं. वडील थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग मुलाला विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं?" मुलगा म्हणाला, "कोणी नाही. मोठी मुलं अंगावर यायच्या आत बॉल द्यावा लागतो ना."

चेंडू मिळण्याआधी आजूबाजूला नजर टाकण्याची ही सवय वरच्या दर्जाच्या मधल्या फळीतल्या खेळाडूंमध्ये ठळक दिसते. चांगला निवडकर्ता ती शोधतोच. आयॅक्स या डच क्लबची मुलं पारखण्याची पद्धत प्रसिद्ध आहे : तंत्र, खेळाची समज, स्वभाव आणि वेग या चार गोष्टी ते बघतात. उंची त्या चारांत नाही.

मग या मुलाची निवड का झाली नाही? कोच वाईट होता असं मी मानत नाही. एका मैदानावर थोड्या वेळात पुष्कळ मुलांमधून मोजकी निवडायची, तर डोळा आधी जाणार तो चेंडू हिसकावणाऱ्या, धावत सुटणाऱ्या मुलाकडेच. त्यात कोचची नोकरी रविवारच्या सामन्याच्या निकालावर अवलंबून असेल, तर तो आज जिंकून देणारं शरीर निवडणारच.

पण आईवडिलांनी इथे दोन वेगळ्या गोष्टी समजून घ्यायला हव्यात. पहिली, जन्मतारीख. फुटबॉलमध्ये बहुतेक ठिकाणी वयोगट १ जानेवारीपासून धरतात. या गोष्टीतला मुलगा नोव्हेंबरच्या शेवटचा. म्हणजे जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच गटात त्याच्यापेक्षा जवळजवळ अकरा महिन्यांनी मोठा. कॅनडातल्या संशोधकांनी १९८५ मध्ये आइस हॉकीच्या खेळाडूंमध्ये ही गोष्ट दाखवून दिली आणि नंतर जगभरच्या फुटबॉल अकादम्यांतही तेच आढळलं. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं भरपूर, शेवटच्या महिन्यांतली थोडी. गुण काही महिने बघून जन्माला येत नाहीत, हे उघड आहे.

दुसरी गोष्ट, शरीर पिकण्याचा वेग. मुलग्यांची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास, मुलींची साधारण दोन वर्षं आधी. पण कुणाची ही वाढ बाराव्या वर्षी येते, कुणाची सोळाव्या. त्यामुळे एकाच वयोगटात शरीराने पंधराचा आणि शरीराने अकराचा असे दोघं समोरासमोर उभे राहू शकतात. जन्मतारखेचा आणि याचा संबंध असेलच असं नाही. डिसेंबरचा मुलगाही लवकर वाढू शकतो, आणि वर्षाच्या शेवटी जन्मून निवड झालेल्यांमध्ये असे लवकर वाढलेले बरेच असतात. या मुलाच्या वाट्याला मात्र दोन्ही उलटं आलं होतं.

इंजेक्शनच्या प्रश्नाचं उत्तर मी वडिलांना सरळ दिलं. वाढीच्या संप्रेरकाची खरोखरची कमतरता तज्ज्ञ डॉक्टरांनी तपासून निश्चित केली, तरच तो उपचार असतो. लिओनेल मेस्सीला लहानपणी तशी कमतरता होती, म्हणून त्याच्यावर उपचार झाले. निरोगी मुलाला खेळात पुढे काढायला ते द्यायचं नसतं, शिवाय हे संप्रेरक जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहे. मी त्यांना क्रीडावैद्यक डॉक्टरांकडे पाठवलं. मुलाची उंची, वजन आणि आईवडिलांची उंची यावरून, मोठेपणी होणाऱ्या उंचीच्या किती टक्के उंची त्याने आज गाठली आहे, याचा अंदाज काढता येतो. तो अंदाजच असतो, थोडंफार इकडेतिकडे होतंच. त्याची आजची उंची अंदाजे ८४ टक्के निघाली. झपाट्याने वाढीचा काळ पुढे होता. डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला तेव्हा मुलाने तो कागद मागून घेतला. आईने नंतर सांगितलं की त्याने तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे.

काही ठिकाणी निवडीची पद्धतच बदलायचे प्रयत्न चालू आहेत. इंग्लंडमधल्या अकादम्यांनी वयाऐवजी वाढीच्या टक्केवारीवरून गट पाडून स्पर्धा खेळवून बघितल्या. त्यात उशिरा वाढणाऱ्या मुलांना आपलं कौशल्य दाखवायला जागा मिळते आणि लवकर वाढलेल्यांना पहिल्यांदाच अंगाच्या जोरावर सुटता येत नाही. बेल्जियमच्या फुटबॉल महासंघाने उशिरा वाढणाऱ्या मुलांचा वेगळा राष्ट्रीय संघच ठेवला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला डच निवडकर्त्यांवरचा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. खेळाडूंच्या जन्मतारखा नुसत्या कागदावर दिल्या तरी निवडकर्ते वयाने मोठ्या मुलांकडेच झुकले. जर्सीवरचे क्रमांक वयाच्या क्रमाने दिले, तेव्हा तो कल गेला. मुलाचं वय खेळ बघताना डोळ्यांसमोर असावं लागतं. हे करायला पैसे लागत नाहीत आणि तरी बहुतेक ट्रायलमध्ये कोणी करत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लवकर वाढलेल्या मुलांचीही काळजी वाटते. बाराव्या वर्षी निवड झालेला आणि सोळाव्या वर्षी काढून टाकलेला एक मुलगा माझ्याकडे यायचा. सगळे त्याच्या उंचीला येऊन पोचले आणि अडचणीतून पासने बाहेर पडायचं त्याला कधी शिकावंच लागलं नव्हतं. ते दुःख जास्त खोल होतं, कारण तोवर घरीदारी त्याची दुसरी ओळखच उरली नव्हती.

क्रोएशियाच्या लुका मॉड्रिचला किरकोळ शरीरामुळे लहानपणी एका क्लबने नाकारलं होतं. त्याला २०१८ चा बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार मिळाला. अंगाने लहान म्हणून फ्रान्समधल्या अनेक अकादम्यांनी नाकारलेला फ्रान्सचाच ग्रीझमान स्पेनमधल्या क्लबात घडला आणि त्याच वर्षी विश्वचषक जिंकला. ही नावं मी वडिलांना सांगितली, पण जपून. नाकारलेली बहुतेक मुलं मॉड्रिच होत नाहीत आणि निवडलेली बहुतेक मुलंही होत नाहीत. तुमचा मुलगा व्यावसायिक खेळाडू होईल, असं मी त्यांना म्हणू शकले नाही. एवढंच म्हणाले की या ट्रायलवरून ते ठरलेलं नाही. उशिरा वाढणाऱ्या मुलाला लहान असताना डोक्याने खेळायची सवय लागते, पण तिचा उपयोग व्हायला तो सोळाव्या वर्षी मैदानावर असावा लागतो. खरं नुकसान होतं ते बरीच मुलं त्याआधीच बूट टांगून ठेवतात म्हणून.

मग आम्ही काय केलं? वडिलांनी कोचकडे पुन्हा जाऊन तक्रार न करता विचारलं की मुलाला कोणत्या जागेवर खेळवून बघितलं, नेमकं काय कमी वाटलं, पुन्हा कधी बघाल. उत्तर मोकळेपणाने मिळालं : मधल्या फळीत त्याला खेळवलंच नव्हतं. दुसरं, बाकावर बसून मोठ्या नावाच्या संघात राहण्यापेक्षा पूर्ण वेळ खेळायला मिळेल असा लहान क्लब शोधला. तिसरी गोष्ट वडिलांना सर्वांत जड गेली. सामन्यानंतर घरी येईपर्यंत खेळाबद्दल त्यांनी बोलायचं नाही, मुलाने विषय काढला तरच. पोटदुखी आधी कमी झाली ती यानेच, असं आईचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं.

पुढच्या वर्षी त्याची उंची वाढू लागली आणि नवी घबराट सुरू झाली. गुडघ्याखालचं हाड दुखायचं, पाय अडखळायचे, साधा चेंडू निसटायचा. वडिलांचा फोन आला, "आहे तेही गेलं का?" झपाट्याने वाढताना असं होतं. हातपाय लांबतात आणि शरीराला त्यांचा नवा अंदाज यायला वेळ लागतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने उड्या आणि धावणं कमी केलं. त्या काळात ट्रायल देऊ नका, असं मी सांगितलं. अकादमीचं बोलावणं आलेलं असतानाही त्यांनी ते पुढे ढकललं, हे सोपं नव्हतं.

आता गुडघा बरा आहे. पुढच्या हंगामाच्या ट्रायलचा अर्ज मुलाने स्वतः भरला. खेळायची जागा या रकान्यात त्याने मिडफिल्ड लिहिलं आणि खाली, कोणी विचारलं नसताना, जन्मतारखेपुढे आपली उंची कोणत्या महिन्यापासून वाढतेय तेही लिहिलं. वडील म्हणाले, "खोडायला सांगू का?" मी म्हटलं, राहू द्या.