आरोग्यशिक्षणातून आकड्यांकडे आणि धोरणाकडे

प्रश्न : मी काही वर्षांपासून आरोग्यशिक्षिका आहे. लसीकरण, मातांचं पोषण, क्षयरोग या विषयांवर लोकांशी बोलणं हेच माझं काम. नोकरी सांभाळून सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. पुढे हेल्थ इन्फॉर्मॅटिक्स (आरोग्याची माहिती संगणकावर गोळा करणं, सांभाळणं आणि वापरणं) आणि आरोग्य धोरणाकडे वळायची इच्छा आहे. पण मला कोडिंग येत नाही, गणित शाळेनंतर सुटलं. वर्गातले सगळे म्हणतात, आधी पायथन शीक. पस्तिशी आली. आता शून्यातून सुरुवात करावी लागेल का?

उत्तर : नाही, शून्यातून नाही. आणि पायथनपासून तर मुळीच नको. लागेल तेवढं पायथन तुम्ही पुढे शिकाल. पण आत्ता त्याच्याच मागे लागलात, तर ज्यात तुम्ही मागे आहात तिथे सगळी ताकद खर्च होईल आणि ज्यात वर्गातल्या बहुतेकांच्या पुढे आहात ते तसंच पडून राहील.

तुम्ही पुढे आहात ते एका गोष्टीत : आरोग्याचा आकडा कुठे आणि कसा तयार होतो, हे तुम्ही जवळून पाहिलं आहे. अनेक देशांच्या प्रशासकीय आकडेवारीत लसीकरणाचं प्रमाण कधीकधी १०० टक्क्यांच्या वर गेलेलं दिसतं. नुसतं सॉफ्टवेअर जाणणारा माणूस ती टाइप करताना झालेली चूक समजून दुरुस्त करून टाकेल. तुम्ही मात्र विचाराल, छेदात कोणती लोकसंख्या धरली आहे? जुन्या जनगणनेवरून बांधलेला अंदाज असेल, तर बालकांची खरी संख्या त्याहून वेगळी असू शकते. शेजारच्या भागातली मुलं इथे येऊन लस घेऊन गेली, तर ती अंशात येतात, छेदात नसतात. एकच डोस दोन नोंदवह्यांत चढलेला असू शकतो. हे प्रश्न आपोआप सुचणं हे या क्षेत्रातलं मूळ कौशल्य आहे, आणि माझ्या मते ते कोडिंगपेक्षा दुर्मिळ आहे.

याच संदर्भात एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण इन्फॉर्मॅटिक्स आणि धोरण एकमेकांत कसे गुंतलेले आहेत हे त्यातून स्पष्ट दिसतं. २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका अल्गोरिदमवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोणत्या रुग्णांना जास्तीची देखभाल द्यायची, हे ठरवायला रुग्णालयं तो वापरत होती. रुग्णाचा वंश त्यात भरलाच जात नव्हता. तरीही, अल्गोरिदमने धोक्याचा सारखाच गुणांक दिलेल्या रुग्णांमध्ये कृष्णवर्णीय रुग्ण गोऱ्या रुग्णांपेक्षा जास्त आजारी निघाले. अल्गोरिदम आजारपणाऐवजी पुढे होणाऱ्या खर्चाचा अंदाज बांधत होता, आणि तो खर्च बऱ्यापैकी अचूक सांगतही होता. पण सारखाच आजार असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांवर मुळात खर्चच कमी होत होता. ही तफावत दूर केली, तर जास्तीच्या मदतीस पात्र ठरणाऱ्यांमध्ये कृष्णवर्णीय रुग्णांचा वाटा १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असं संशोधकांनी दाखवून दिलं.

आता विचार करा. ‘खर्च कमी, म्हणजे आजार कमी’ हे गृहीतक बैठकीत तुमच्यासमोर आलं असतं, तर तुम्ही गप्प बसला असतात का? दवाखाना लांब आहे, रोजगार बुडतो, मागच्या वेळी कुणी तरी अपमान केला होता, घरून परवानगी नाही. माणूस आजारी असूनही का येत नाही, याची कारणं तुम्ही रोज ऐकता. त्या टेबलाभोवती अशी एक व्यक्ती हवी असते, आणि बऱ्याचदा ती नसते. तुम्ही तिथे असावं असं मला मनापासून वाटतं.

धोरण म्हणजे फक्त कायदे लिहिणं नव्हे. काय मोजायचं, कुणी मोजायचं, ती माहिती कुणाला दिसेल, हे ठरवणं हेही धोरणच. फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला की कुणाची किती मिनिटं जातात, हे तुम्ही सांगू शकता. क्षयरोगाच्या यादीतलं नाव बाहेर फुटलं तर घरात काय घडतं, हेही. संमती आणि गोपनीयतेचे नियम लिहिणाऱ्यांना हे कळणं फार गरजेचं आहे.

शिकायचं काय, तर आधी एक्सेल पक्कं करा, पिव्होट टेबलसकट (मोठ्या यादीचा गटवार गोषवारा काढण्याची त्यातली सोय). सोबत साथरोगशास्त्रातलं गणित : दर, प्रमाण, वयानुसार प्रमाणीकरण (वयोरचना वेगळी असलेल्या लोकसंख्यांची तुलना करता यावी म्हणून केलेला हिशेब). यात बेरीज-भागाकारापलीकडे फारसं काही नाही, भीती काढून टाका. मग डेटाबेसमधून माहिती काढण्यासाठी एसक्यूएल, आणि त्यानंतर आर किंवा पायथन, या दोन प्रोग्रामिंग भाषांपैकी एकच. काही प्रमाणकांचं, म्हणजे माहिती सगळीकडे एकाच पद्धतीने नोंदवण्यासाठी ठरवलेल्या संकेतांचं, काम काय आहे तेही समजून घ्या. आजारांच्या वर्गीकरणासाठी आयसीडी (त्याची ११वी आवृत्ती जानेवारी २०२२पासून लागू झाली), प्रयोगशाळेतल्या चाचण्यांसाठी लॉइंक, दोन प्रणालींमध्ये माहितीची देवाणघेवाण व्हावी म्हणून फायर (FHIR). पाठांतर नको. सरावासाठी डीएचआयएस२ उत्तम. ऑस्लो विद्यापीठात विकसित होणारी, आरोग्याची आकडेवारी गोळा करण्याची ही मोफत प्रणाली अनेक देशांच्या आरोग्ययंत्रणा वापरतात आणि तिची प्रात्यक्षिक आवृत्ती इंटरनेटवर खुली आहे.

नोकरीचं पहिलं दार तुमच्यासाठी बहुधा प्रशिक्षणाचं असेल. नवी प्रणाली आली की कर्मचाऱ्यांना ती शिकवणारं कुणी तरी लागतं, आणि शिकवणं तुम्हाला येतं. ते दार जरूर घ्या, पण नुसत्या प्रशिक्षक म्हणून अडकू नका. माहितीच्या गुणवत्तेची तपासणी, संनियंत्रण आणि मूल्यमापन, ही कामं पहिल्या वर्षातच मागून घ्या. विश्लेषक आणि पुढे धोरण सल्लागार होण्याची वाट तिथून निघते. वयाची चिंता करू नका. या पदांवर अनुभवाला किंमत आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. यात पडद्यासमोर बसण्याचे तास खूप असतात आणि धोरण फार सावकाश हलतं. आज केलेल्या सूचनेचा परिणाम दिसायला वर्षं जातात, कधी तो दिसतही नाही. लोकांमध्ये वावरण्यातूनच तुम्हाला बळ मिळत असेल, तर क्षेत्रभेटी जबाबदारीतच नमूद आहेत असंच पद निवडा.

वेगळ्या पदवीची लगेच गरज नाही. आहे त्या अभ्यासक्रमातला प्रबंध याच विषयावर करा. तुमच्या कामातला एकच निर्देशक घ्या, समजा ‘उपचार पूर्ण केलेले क्षयरुग्ण’. पहिली नोंद होते तिथपासून वरच्या अहवालापर्यंत तो कुठे बदलतो, कुठे गळतो, कुठे दुप्पट होतो, ते शोधा. संस्थेची लेखी परवानगी घ्या, नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाका. प्रबंध झाला की त्याच निष्कर्षांवर अधिकाऱ्यांसाठी दोन पानांचं टिपण लिहा : अडचण काय, पुरावा काय, कोणता एक बदल करायचा आणि तो कुणी करायचा. पदवीच्या प्रमाणपत्रापेक्षा हे टिपण मुलाखतीत जास्त बोलेल. पहिला मसुदा तयार झाला की पाठवा, अर्ज करण्यापूर्वी मी तो वाचून देईन.