पाठीवरची बटणं

"मॅडम, हिला कपड्यांचीच अ‍ॅलर्जी असेल का हो?"

आई, सासूबाई आणि २३ महिन्यांची मुलगी, अशा तिघी सातपूरहून आल्या होत्या. मुलीला इथे चिमी म्हणू. आम्ही बोलत होतो तेव्हा चिमी माझ्या टेबलाखाली बसून स्वतःच्या सँडलचा वेल्क्रो चर्रकन उघडत होती, परत चिकटवत होती. ते बघून मला वाटलं, निम्मं उत्तर मिळालं. तिथेच माझं चुकलं.

तक्रार अशी की रात्री साडेआठला बाटलीभर दूध, मग डायपर, मग नाइटसूट. पोर झोपते. पहाटे बघावं तर अंगावर सूत नाही. सूट पलंगाखाली, डायपर उशीवर आणि गादी ओलीचिंब. दोनदा तर भिंतीला शी फासलेली. आई कंपनीत नोकरीला, त्यामुळे सकाळी सातच्या बसआधी गोधडी भिजवायची, चादर बदलायची आणि डबाही भरायचा. आजींचं दुखणं वेगळंच होतं. "मुलीच्या जातीला हे असं बरं दिसतं का? आत्तापासून वळण नको?"

आजींना म्हटलं, दोन वर्षांच्या पोराला लाज कशाशी खातात ते ठाऊक नसतं. कपडे घालायला जमण्याआधी काढायला जमतं, आणि जे नवं जमतं ते पोरं हजारदा करून बघतात. दीड ते तीन या वयात हे कितीतरी घरांत चालतं. भिंतीवरचा प्रकारही तिच्या लेखी कणीक मळण्यासारखाच. आजी काही हसल्या नाहीत.

मग मी माझी नेहमीची युक्ती सांगितली. पुढून चेन असलेला सूट उलटा घालायचा, चेन पाठीवर. सूटला पावलं शिवलेली असतील तर ती कापून टाकायची, नाहीतर उलट्या सूटमध्ये पाय अडकतात. डायपर टेपवाला असेल तर तोही उलटा लावायचा, म्हणजे टेप हाताला लागत नाही. चड्डीसारखा चढवायचा डायपर असेल तर त्याचा उपयोग नाही, एका हिसक्यात तो खाली येतो. दोघी खूश होऊन गेल्या.

पाचव्या दिवशी फोन आला. सूट निघत नव्हता, पण पोर पहाटे तीनपासून किंचाळत होती, चेनशी झटून मान लाल करून घेत होती. शेवटी आईने दिवा लावून सगळं उघडलं. जांघेत लालभडक चट्टे आणि त्यांच्या कडेने बारीक पुटकुळ्या. बालरोगतज्ज्ञांनी बुरशीचा संसर्ग म्हणून मलम दिलं, दिवसा जमेल तितकं उघडं ठेवायला सांगितलं. जंतांबद्दलही विचारलं, कारण सुतासारख्या जंतांच्या माद्या रात्री गुदद्वाराशी येऊन अंडी घालतात आणि खाज नेमकी झोपेत सुटते. चिमीला तसं काही नव्हतं.

म्हणजे बिचारी आठवडाभर सांगत होती की आत आग होतेय, आणि मी कुलूप लावायचा सल्ला दिला होता. तेव्हापासून अशी तक्रार आली की माझा पहिला प्रश्न कपड्यांचा नसतो. आधी विचारते, डायपरच्या आतली कातडी दिवाउजेडात शेवटची कधी पाहिलीत?

चट्टे आठवड्यात उतरले, पण कपडे निघणं थांबलं नाही. मग पाच रात्रींची नोंद ठेवायला सांगितली. किती वाजता काढते, डायपर किती जड असतो, कोण उठतं, उठून काय बोलतं. वहीत दोन वेळा दिसल्या. एक पहाटे पाचची. साडेआठचं दूध, साडेआठचाच डायपर. पाचपर्यंत तो पाण्याच्या पिशवीसारखा लोंबायचा. कोणीही काढला असता. दुसरी वेळ रात्री पाऊणची, आणि ही मजेदार होती. बाबांची सेकंड शिफ्ट. ते घरी यायचे त्याच सुमारास. दाराच्या कडीचा आवाज झाला की चिमी जागी. कपडे भराभर काढायचे आणि पलंगावर उभं राहायचं. बाबा "आला आमचा नागोबा!" म्हणून उचलून घ्यायचे, मोबाइलवर व्हिडिओ काढायचे. तो घरच्या ग्रुपवरही जायचा. दिवसभर न दिसलेला बाप असा हसतो म्हटल्यावर मी तिच्या जागी असते तर मीही कपडे काढले असते.

बाबांना एकदा बोलावलं. नागडं झाल्यावर हसू नका, ओरडूही नका. एक शब्द न बोलता, दिवा न लावता कपडे चढवा आणि झोपवा. लाड करायचे ते सकाळी, दहा मिनिटं नुसते तिचे. व्हिडिओ मात्र सगळीकडून पुसायला लावले. उघड्या लेकराचं चित्र ग्रुपवर जाऊ नये, यावर मी कधीच नमतं घेत नाही. दूध सव्वासातला आणलं, रात्री अकराला झोपेतच डायपर बदलायचा ठरलं, आणि डायपर एक माप मोठा घेतला. पाकिटावर वजनाप्रमाणे माप असतं. वय बघून घेतलेला डायपर मांडीला काचतो. डायपरभोवती पॅकिंगची चिकटपट्टी गुंडाळायची युक्तीही त्यांनी कुठेतरी पाहिली होती. ती नको म्हटलं. सेफ्टी पिन नको, गळ्याशी नाडी तर मुळीच नको.

राहिला सूट. एप्रिलच्या उकाड्यात तो जाड सूट मलाही घालवला नसता. इथे आजी पुढे आल्या. "आमच्या वेळी लंगोट होता, काही अडत नव्हतं," असं आधी ऐकवलं, आणि मग जुन्या सुती साडीचं बिनबाह्यांचं झबलं शिवलं. खाली चड्डी जोडलेली, पाठीवर चार बटणं.

तिसऱ्या-चौथ्या रात्री रडारड वाढली. ती वाढतेच, जुना खेळ का चालेना म्हणून पोरं जोर लावून बघतात. चट्टे परत नाहीत ना, एवढं बघून आईने धीर धरला. चौदाव्या दिवशीच्या नोंदीत एकच ओळ होती, "गादी कोरडी."

मूल कोणताच कपडा दिवसाही अंगावर सहन करत नसेल, हाकेला वळत नसेल, शब्द येत नसतील, तर मात्र बटणांवर थांबू नये. बालविकासाच्या डॉक्टरांना दाखवावं. जिल्हा रुग्णालयांतल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत ही तपासणी मोफत होते.

चिमी आता अडीच वर्षांची आहे. दिवसा "शू" म्हणून सांगते. रात्रीचा डायपर सुटला नाही म्हणून आईला घाई झाली होती. भरलेल्या मूत्राशयाने झोप मोडणं हे शिकवून येत नाही, आणि पाच वर्षांपर्यंत गादी ओली होणं डॉक्टर आजार धरत नाहीत, असं सांगून तिला थांबवलं. परवा आजींचा फोन होता. नवं झबलं बेतायला घेतलंय म्हणाल्या, पण बटणं या वेळी पुढे लावतायत. शू लागली की तिचं तिला काढता आलं पाहिजे ना!