मुलुंडला चष्म्याचं छोटं दुकान आहे. एसईओवाला (गूगलच्या निकालांत साइट वर आणून देणारा) महिना ८ हजार मागतोय, सहा महिन्यांत गूगलवर पहिला नंबर आणतो म्हणतो. द्यावेत का?

पहिल्या नंबरची हमी देणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतः सांगतं. जाहिराती सोडून जे निकाल दिसतात, तिथली जागा पैशाने मिळत नाही. आमच्या घरचे जवळजवळ दीड लाख यात गेलेत, म्हणून एवढं तोडून सांगतेय.

लालबागला आमचा मसाला कुटायचा डंक आहे, आजोबांपासूनचा. २०२२ च्या दिवाळीनंतर दादाने एका एजन्सीशी वर्षाचा करार केला, महिना १२ हजार. मी नको म्हणत होते. "तू तुझी नोकरी बघ, धंद्यातलं तुला काय कळतं," असं बाबांसमोर ऐकवलं त्याने.

एजन्सीने 'बेस्ट मालवणी मसाला इन मुंबई' हे एकाच पानावर ३१ वेळा लिहिलं, मी मोजलंय. पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत दादर, ठाणे, विरार अशी स्टेशनांची रांग होती. माऊस ओढला तरच दिसायची. गूगल याला सरळ स्पॅम धरतं. महिन्याच्या रिपोर्टमध्ये 'कीवर्ड मेटा टॅग भरले' (पानाच्या कोडमध्ये लिहिलेली, वाचणाऱ्याला न दिसणारी शब्दांची यादी) हे काम म्हणून दाखवलेलं. तो टॅग आपण रँकिंगसाठी बघतच नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. आणि मिरचीचे भाव, कुटाईचा दर, म्हणजे गिऱ्हाइकाला जे खरोखर हवं असतं, ते सगळं एका फोटोत. साइटवर त्यातलं एक अक्षरसुद्धा मजकूर म्हणून नव्हतं.

मे महिन्यात एक दिवस विरारहून एक मावशी आल्या. घरी वाळवलेली पाच किलो मिरची दोन पिशव्यांत. गूगल मॅपवरची आमची खूण चुकीच्या गल्लीत होती आणि खाली दिलेला फोन नंबर एजन्सीच्या माणसाचा. भर दुपारी पाऊण तास फिरल्या त्या. पाणी दिलं, तर पेला धरताना हात थरथरत होता. सहा महिने आम्ही पैसे भरत होतो आणि आमचा पत्ताच चुकीचा होता!

त्या आठवड्यात मी रजा टाकून काउंटरवर बसले आणि लोक जे विचारतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवलं. "एक किलो मिरचीला खडा मसाला किती घालायचा?" "बेडगी किती आणि संकेश्वरी किती?" "भाजून, कुटून लगेच मिळेल की उद्या यायचं?" अशा चौदा प्रश्नांची उत्तरं मराठीत, भावासकट लिहिली आणि टाकली साइटवर. पानांची शीर्षकंही तीच. लोक काय शोधून साइटवर येतात ते दाखवणारं गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे. त्यात नंतर दिसलं की लोक 'मालवणी मसाला १ किलो मिरची प्रमाण' असं रोमन अक्षरांत टाइप करून आमच्या पानावर येतायत. एजन्सीच्या त्या ३१ वेळा लिहिलेल्या शब्दांवरून आलेलं माणूस मला एकही सापडलं नाही. दादा अजून म्हणतो, गिऱ्हाईक सीझनमुळे वाढलं. सीझन दरवर्षी असतो, दादा.

तर तुमच्याबद्दल. आधी गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलवर आणि मॅपवर दिसणारी दुकानाची नोंद, स्वतःच्या ईमेलवर घ्या. नाव पाटीवर आहे तेच लिहा, मागे 'स्वस्त चष्मे मुलुंड' जोडू नका. वेळ, साप्ताहिक सुट्टी आणि नंबर बरोबर ठेवा. जवळपासच्या शोधात गूगल तीन गोष्टी बघतं: शोधाशी जुळणी, अंतर आणि तुमचा नावलौकिक. त्यातलं अंतर कोणाला पैसे देऊन कमी होत नाही. रिव्ह्यू मागा, पण त्याबदल्यात सूट देऊ नका, ते नियमात बसत नाही. मग वही घ्या. प्रोग्रेसिव्ह काचा किती दिवसांत, जुन्या फ्रेममध्ये नवी काच बसेल का, डोळे तपासायला आधी वेळ घ्यावी लागते का, हे तुम्हाला रोज विचारत असतील. तेच लिहा. प्रोफाइलसोबत फुकट मिळणारी एकपानी साइट गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली, तेव्हा कोणी ती सुचवली तर सोडून द्या.

सगळे एसईओवाले असे नसतात, हेही सांगायला हवं. साइट हळू उघडत असेल, मोबाइलवर मोडत असेल, तर जाणत्या माणसाला एकदाच पैसे देऊन दुरुस्त करून घ्या. देशभर ऑनलाइन फ्रेम विकायच्या असतील तर मात्र माझा अनुभव पुरणार नाही, तिथे स्पर्धाच वेगळी.

एक गोष्ट आजच बघा: डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे. आमचं एजन्सीच्या नावावर होतं. करार संपल्यावर ते सोडवायला तीन महिने आणि वर आणखी पैसे गेले. आता ते बाबांच्या नावावर आहे. पासवर्ड माझ्याकडे आहे आणि दादाकडेही, मीच दिलाय त्याला.