इस्लाम स्वीकारल्यावर घरचे विरोधात गेले तर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की कलमा पढल्याचं कळल्यापासून आईने अन्न सोडलंय, वडील बोलत नाहीत आणि ओळखीचे काही मुसलमान सांगतायत, 'घराशी संबंध तोडून टाक.' मी स्वतः या सगळ्यातून गेले आहे, म्हणून कळकळीने सांगते, हे शेवटचं अजिबात ऐकू नका. इस्लामच्या नावाने दिला जात असला तरी हा सल्ला इस्लामचा नाही.

पैगंबरांचे साथीदार साद इब्न अबी वक्कास यांच्या आईनेही मुलाने नवा धर्म सोडावा म्हणून अन्नपाणी सोडलं होतं. साद यांनी धर्म सोडला नाही. कुराणातल्या सूरह लुकमान या अध्यायाची १५वी आयत या प्रसंगाशी जोडली जाते. आईवडिलांनी शिर्क, म्हणजे अल्लाहसोबत दुसऱ्या कुणाची भक्ती, करायला भाग पाडलं तर ते ऐकू नका, पण या जगात त्यांच्याशी चांगलंच वागा, असं ती सांगते. अस्मा बिंत अबू बक्र यांची आई मूर्तिपूजक असतानाच लेकीला भेटायला आली, तेव्हा नातं ठेवू का, असं अस्मांनी पैगंबरांना विचारलं. उत्तर आलं, हो, ठेव.

आता घरचं. माझ्या आईने देवाधर्माचं काहीच विचारलं नाही. 'आता माझ्या हातचं खाणार नाहीस का?' हा तिचा पहिला प्रश्न. आणि बऱ्याच दिवसांनी, भांडी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता, 'मी गेल्यावर येशील ना?' मुलगी हातची गेली, ही भीती होती ती. तिच्यापुढे तौहीदवर, म्हणजे अल्लाह एकच आहे यावर, व्याख्यान देऊन काय होणार? मी ताट ओढून जेवायला बसले. मांसाचा प्रश्न असेल तर तेवढंच बाजूला ठेवा, पण पानावरून उठू नका. रोजा असेल तर आदल्या रात्रीच सांगा, नाहीतर तुम्ही रागाने जेवत नाही असंच त्यांना वाटणार.

नाव बदलायची घाई करू नका. अर्थ वाईट किंवा शिर्काचा नसेल तर बदलायची गरजच नसते. आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव टाकलं की त्यांना जेवढं लागतं, तेवढं नमाजाने लागत नाही, हे मी पाहिलंय. वुजूनंतर, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुतल्यावर, ओली झालेली फरशी पुसून टाका. हसू नका, आमच्याकडे वडिलांची निम्मी चिडचिड त्या पाण्यावरूनच होती. आणि त्यांना धर्माचे व्हिडिओ पाठवू नका. त्यांनी वाद काढला तर, 'आज नको, मला तुमच्याशी भांडायचं नाही,' एवढं म्हणून विषय सोडा. आईला मात्र रोज जेवायचा आग्रह करत राहा, ती 'नाही' म्हणाली तरी.

मारहाण, कोंडून ठेवणं, बळजबरीचं लग्न असं काही असेल तर गोष्ट वेगळी. तिथे सहन करत बसू नका. जीव धोक्यात असेल तर श्रद्धा लपवायची मुभा आहे. पैगंबरांचे साथीदार अम्मार इब्न यासिर यांनी छळाखाली तोंडाने इस्लाम नाकारला होता, मन ईमानावर ठाम होतं, आणि त्यांना दोष दिला गेला नाही. ओळखपत्रं, शिक्षणाची कागदपत्रं आणि थोडे पैसे घराबाहेर विश्वासातल्या माणसाकडे ठेवा, आणि वेळ आलीच तर कुठे जायचं ते आजच ठरवून ठेवा.