करून दाखवावं का?

प्रश्न : मी साताऱ्यात मुलांचं नाट्यशिबिर घेते. मी संवाद बोलून दाखवला की सगळी मुलं माझीच नक्कल करतात. माझं काय चुकतंय?

उत्तर : ताई, हीच चूक मी अनेक वर्षं केली. मग रोज तालमीनंतर वहीत एवढंच लिहू लागलो : आज मी किती वेळा करून दाखवलं? पहिल्याच दिवशी आकडा निघाला १४. मला धक्काच बसला. आता मी फक्त विचारतो, 'तुला समोरच्याकडून काय हवंय?' अभिनयाची पद्धत घडवणारे रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्कीही उत्तरायुष्यात भावनेऐवजी कृतीपासून सुरुवात करत. परवा एका मुलीनं रागाचं वाक्य चादरीची घडी घालता घालता, अगदी हळू म्हटलं. मला ते कधीच सुचलं नसतं! तुम्हीही अशी वही ठेवा, पण त्याच रात्री लिहा. सकाळपर्यंत आकडा आठवणीत कमी होतो.