प्रयोगाच्या शेतात पाणी साचलं, आता थीसिसचं काय?

कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करणाऱ्या मुलांकडून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एक प्रश्न हमखास येतो: ‘माझा प्रयोग फेल गेला. आता आकडे जुळवू, की सेमिस्टर वाया घालवू?’ सुवर्णाचाही तोच प्रश्न होता. (नाव बदललं आहे, आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

मृदविज्ञान हा तिचा विषय. खरिपातल्या सोयाबीनला शिफारशीत खतमात्रेबरोबर गंधक आणि जस्त कमी-जास्त देऊन आठ ट्रीटमेंट (खतांचे आठ वेगवेगळे पर्याय), तीन रेप्लिकेशन (त्याच आठांची शेतात तीनदा मांडणी), म्हणजे एकूण चोवीस प्लॉट. ऑगस्टच्या शेवटी दोन दिवस मुसळधार पाऊस झाला आणि उताराकडच्या तिसऱ्या रेप्लिकेशनमध्ये पाणी थांबलं. झाडं पिवळी पडली. तिने मुळावरची गाठ नखाने फोडून पाहिली. निरोगी गाठ आतून गुलाबी असते, ही तपकिरी निघाली. त्या दिवसापासून तिची झोप गेली. पुढचा खरीप जूनमध्ये, म्हणजे वर्ष गेलं, असा तिने मनाशी हिशेब केला. घरी तिच्या फीसाठी सोसायटीचं कर्ज होतं. घरी तिने काही सांगितलं नव्हतं. एका सीनियरने सल्ला दिला होता, ‘तिसऱ्या रेप्लिकेशनचे आकडे पहिल्या दोनच्या जवळपास लिही, कोण बघतंय?’

अशा वेळी आधी पिकाचं बोलू नये, आधी माणसाचं बोलावं. जीव नकोसा होतो का, असं मी तिला सरळ विचारलं. या प्रश्नाने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, उलट दडवलेला बाहेर येतो. ‘तसं नाही, पण जेवण जात नाही,’ ती म्हणाली. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून घेतला. तिथे रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं. मग पुढच्या भेटीला फील्ड बुक आणि प्लॉटचा नकाशा घेऊन यायला सांगितलं. भीती जोवर ‘सगळं गेलं’ या दोन शब्दांत असते, तोवर तिच्यावर इलाज नसतो. नेमकं काय गेलं, हे कागदावर दिसावं लागतं.

नकाशा पाहिल्यावर पहिली गोष्ट उघड झाली. तिसरं रेप्लिकेशन पूर्णच उताराला आडवं होतं आणि त्यातल्या सात प्लॉटना पाण्याचा फटका जवळपास सारखाच बसला होता. रेप्लिकेशन करायचं ते याचसाठी. जमिनीतला, ओलाव्यातला फरक ब्लॉकच्या (एका रेप्लिकेशनच्या पट्ट्याच्या) खात्यात जातो आणि ट्रीटमेंटची तुलना त्याच ब्लॉकच्या आत होते. रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात इंग्लंडमधल्या रोदॅमस्टेड केंद्रावर ही पद्धत बसवली, ती शेतजमीन कधीच सारखी नसते म्हणून. पहिल्या दोन ब्लॉकमध्ये नेट प्लॉटला (कडेच्या ओळी सोडून मोजतात त्या भागाला) सरासरी २.४ किलो उत्पादन होतं आणि तिसऱ्यात २.०. यात प्रयोग बिघडलेला नाही. खरं नुकसान नेमकं तिच्या सीनियरच्या सल्ल्याने झालं असतं.

खरा प्रश्न एकाच प्लॉटचा होता, चरीच्या कोपऱ्यातल्या. तिथे चार दिवस पाणी होतं. नेट प्लॉट ३.६ × ४.२ मीटर, पेरणी ४५ × ५ सेंटिमीटरवर, म्हणजे ६७२ झाडं हवीत, उरली १४०. हा प्लॉट ‘मिसिंग’ धरता येतो, म्हणजे त्याचं मोजलेलं उत्पादन सोडून हिशेबाने आकडा काढता येतो, पण अटी आहेत. नुकसान ट्रीटमेंटमुळे झालेलं नसावं, नुकसानीचं कारण त्याच वेळी फील्ड बुकात तारखेसह नोंदलेलं असावं आणि गाइडची मान्यता असावी. उत्पादन कमी आलं म्हणून मागाहून प्लॉट वगळणं ही लबाडी आहे. सुवर्णाने झाडं मोजून सप्टेंबरमध्येच नोंद केली होती. तिचा थीसिस त्या एका ओळीने वाचवला.

मिसिंग प्लॉटचा आकडा काढायचं गणित असं: त्या ट्रीटमेंटच्या उरलेल्या दोन प्लॉटची बेरीज ४.६ किलो, तिला ट्रीटमेंटच्या संख्येने, ८ ने, गुणायचं. ब्लॉकमधल्या उरलेल्या सात प्लॉटची बेरीज १४.०, तिला ३ ने. दोन्हींच्या बेरजेतून तेवीस प्लॉटची एकूण बेरीज ५२.४ वजा करायची आणि ७ × २ म्हणजे १४ ने भागायचं. उत्तर १.८९ किलो. एररचे डिग्रीज ऑफ फ्रीडम (चुकीचा अंदाज ज्यावर बसतो ती स्वतंत्र आकड्यांची संख्या) १४ वरून १३ करायचे. हे बहुतेक जण विसरतात. या रीतीत ट्रीटमेंटची वर्गबेरीज (ट्रीटमेंटमधला फरक मोजणारा आकडा) थोडी फुगते, तीही दुरुस्त करावी लागते. हा आकडा काढलेला आहे, मोजलेला नाही, हे तक्त्याखाली लिहायचं.

आकडे जुळवले असते तर? धान्याचं उत्पादन बदललं की अन्नद्रव्यांचं शोषण बदलतं, कारण ते प्रमाण गुणिले उत्पादन असतं. मग काढणीनंतरच्या मातीतल्या अन्नद्रव्यांचा ताळेबंद जुळत नाही, नफा-खर्चाचं गुणोत्तर हलतं. एका खोट्यासाठी चार तक्ते खोटे करावे लागतात, आणि कोरडवाहू शेतातला सीव्ही (आकड्यांमधल्या चढउताराची टक्केवारी) संशयास्पद कमी दिसला की परीक्षक कच्च्या नोंदी मागतो.

तिची दुसरी भीती जस्ताची होती. जस्ताच्या ट्रीटमेंट नॉन-सिग्निफिकंट आल्या, म्हणजे उत्पादनात खात्रीने सांगावा असा फरक दिसला नाही. पण पेरणीपूर्व नमुन्यात जस्त ०.९ मिलिग्रॅम प्रतिकिलो होतं आणि कमतरतेची मर्यादा ०.६ धरतात. जिथे कमतरताच नाही तिथे प्रतिसाद कुठून येणार? तिथल्या शेतकऱ्याचा हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेटचा खर्च वाचतो. हाही निष्कर्षच आहे, आणि तो चर्चेच्या प्रकरणात ताठ मानेने लिहावा.

सल्लागार समितीला तिने एका पानाचं पत्र दिलं: पावसाचे वेधशाळेचे आकडे, प्लॉटचा नकाशा, झाडांची संख्या, सुचवलेली पद्धत. समितीने पुन्हा प्रयोग मागितला नाही.

त्याच संध्याकाळी तिने घरी फोन करून सगळं सांगितलं. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग आपल्या रानात जस्त टाकायचं का नाही?’ ती म्हणाली, ‘आबा, आधी माती आणा. आठ-दहा ठिकाणची, बांध आणि उकिरडा सोडून. लाकडी खुरप्याने काढा आणि पत्र्याची बादली नको, प्लॅस्टिकची घ्या. पत्र्यालाच जस्ताचा मुलामा असतो.’